सूर्याची बाजू घेणारा गणिती

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव काढले की बहुतेकांना इतिहासकार आठवतो. पण त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय गणिताचा. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मलेले कोसंबी वडिलांबरोबर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस, अलीगढ करत १९३३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि तिथे १२ वर्षे त्यांनी गणित शिकवले.

याच काळात त्यांनी तराजू हातात घेतला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. मग जुन्या ठेव्यातली चांदीची नाणी नुसती वजन करून काळानुसार लावता येतील का? आधी त्यांनी चलनातली साधी नाणी हजारोंनी तोलून हा नियम पडताळला आणि मगच प्राचीन आहत नाण्यांकडे वळले.

१९४४ सालचे त्यांचे सूत्र तर थेट जीवशास्त्रातले. आईवडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी लांब, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. यावरून अंतर काढता येते. अडचण अशी, की मधल्या भागात दोनदा अदलाबदल झाली तर ती मोजणीत दिसतच नाही. शिवाय एके ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी सहसा होत नाही. हाल्डेन यांच्या आधीच्या सूत्रात या अडथळ्याचा विचार नव्हता, तो कोसंबींनी केला. गहू-भाताच्या जनुकांचे नकाशे काढणारे आजही हे सूत्र वापरतात.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. कोसंबी पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊ-येऊ लागले. सुटीत पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारे वेचत हिंडायचे.

पुढे ठिणगी पडली ती ऊर्जेवरून. भाभा देशाचा अणुऊर्जा कार्यक्रम उभारत होते आणि त्यांच्याच संस्थेतले कोसंबी जाहीरपणे सांगत होते, की अणुभट्ट्या गरीब देशाला परवडणाऱ्या नाहीत. वर्षाचे बहुतेक महिने फुकट मिळणारे ऊन वापरा. भोर-वेल्ह्याचे उदाहरण घ्या. डोंगरातल्या सुट्या सुट्या वाड्यांपर्यंत विजेच्या तारा ओढणे जिकिरीचे, आणि चुलीसाठी बायका रानातून मोळ्या वाहणार. ऊन मात्र प्रत्येक अंगणात पोचलेले. सौरऊर्जेची साधने तेव्हा बाल्यावस्थेत होती, हेही खरे.

कोसंबींचा स्वभावही तिखट. त्यात १९५९ मध्ये रीमान सिद्धान्ताची सिद्धता सापडल्याचा त्यांचा दावा टिकला नाही आणि गणितातली पत घसरली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची मुदत वाढवली नाही. दोन वर्षांनी मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीशी (आताची आघारकर संशोधन संस्था) ते जोडले गेले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते ५८.