बेथलेहेमची कुरवंजी : वेदनायकम् शास्त्री यांचे चरित्र

तंजावरच्या मराठी राजसभेचा विषय निघाला की आपले अभ्यासक सरस्वती महालातील हस्तलिखितांकडे, भोसले राजांच्या नाटकांकडे आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेल्या मराठी वंशचरित्राकडे वळतात. हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच सभेच्या छायेत वावरलेल्या एका तमिळ ख्रिस्ती कवीकडे मराठी वाङ्मयेतिहासाने जवळजवळ पाठच फिरविली आहे. हा कवी म्हणजे वेदनायकम् शास्त्री. ख्रिस्तजन्माच्या कथेला तमिळ लोकनाट्याचा देह देणारी ‘बेथलेहेम कुरवंजी’ ही त्यांची प्रमुख कृती होय. आणि सर्फोजीराजांच्या नावावर ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक आहे, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना या दोन नावांतील साम्य केवळ योगायोगाचे वाटणार नाही.

आरंभीच एक घोटाळा दूर करणे इष्ट. ‘प्रताप मुदलियार चरित्रम्’ या १८७९ मधील आद्य तमिळ कादंबरीचे कर्ते मायूरम् वेदनायकम् पिळ्ळै हे निराळे. तेही ख्रिस्ती, पण रोमन कॅथलिक, आणि वयाने अर्धशतकाने धाकटे. ग्रंथसूचींतून या दोघांची सरमिसळ झालेली आढळते.

शास्त्रींचा जन्म ७ सप्टेंबर १७७४ रोजी तिरुनेलवेली येथे एका वेळ्ळाळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील देवसहायम् हे धर्मोपदेशक होते. मुलगा बारा वर्षांच्या सुमारास असताना जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांची दृष्टी त्याच्यावर गेली आणि त्यांनी त्याला शिक्षणासाठी तंजावरला नेले. श्वार्ट्झ हे त्या काळच्या तंजावरातील असामान्य प्रकरण होते. १७५० मध्ये ते तरंगमबाडीला उतरले. पुढे तंजावरच्या दरबाराचा विश्वास त्यांनी असा संपादन केला, की तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या बाल सर्फोजीच्या रक्षणाचा भार त्यांच्यावर येऊन पडला. एकाच गुरूच्या छत्राखाली एक भावी राजा आणि एक भावी कवी वाढले. दोघांच्या वयात अवघे तीन वर्षांचे अंतर. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारले. राजाने त्यांच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून आणले. कवीने मात्र गुरूचे ऋण आपल्या पद्धतीने, म्हणजे आयुष्यभर गाऊन, फेडले.

श्वार्ट्झ यांच्याकडून शास्त्रींना काय मिळाले, हे समजून घेण्यासाठी हाले या जर्मन नगरातील भक्तिपंथाकडे जरा वळावे लागते. या पंथात धर्म ही रविवारपुरती गोष्ट नव्हती. रोज सकाळी शास्त्रातले एखादे वचन घ्यावे, त्यावर मनन करावे, दिवसभर त्याच्या आधाराने चालावे, अशी शिस्त होती. बोगाट्झ्की याने १७१८ मध्ये काढलेला दैनंदिन वचनांचा संग्रह याच वातावरणातून आलेला. तरंगमबाडीच्या मिशनाने ही शिस्त आपल्यासोबत आणली, तमिळमध्ये बायबल आणले, आणि मद्रासच्या वेपेरी भागात राहणाऱ्या फाब्रिसिअस यांनी बायबलाप्रमाणेच जर्मन स्तोत्रेही तमिळमध्ये उतरविली. त्या स्तोत्रांच्या चाली अर्थातच जर्मन होत्या. शब्द तमिळ, श्वास परका. नेमके येथे शास्त्रींचे कार्य सुरू होते.

विशीच्या आसपास ते तंजावरच्या मिशनशाळेचे मुख्याध्यापक झाले आणि सुमारे पस्तीस वर्षे त्या जागेवर राहिले. शाळेत ते खगोल, भूगोल, गणित शिकवीत. शाळेबाहेर पदे रचीत आणि गायनासह निरूपण करीत हिंडत. सुविशेष कविरायर, म्हणजे शुभवर्तमानाचे कविराज, ही त्यांची ओळख या निरूपणांतून झाली. छापखान्यापेक्षा सभा हेच त्यांचे क्षेत्र. ज्यांनी महाराष्ट्रात कीर्तन ऐकले आहे त्यांना या गायन-निरूपणाची कल्पना सहज येईल. तंजावरात मराठी कीर्तन आणि तमिळ कालक्षेप यांचा जो प्रसिद्ध मिलाफ कृष्ण भागवतर यांच्या काळी झाला, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. शास्त्रींची ख्रिस्ती निरूपणे त्याआधीची आहेत. तेव्हा कोणी कोणाकडून काय घेतले, हा प्रश्न मराठी कीर्तनाच्या अभ्यासकांनीही विचारण्याजोगा आहे.

‘बेथलेहेम कुरवंजी’ एकोणिसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभीची. कुरवंजीचा साचा तमिळ वाचकांना पाठ असतो, मराठी वाचकांसाठी तो सांगितला पाहिजे. गावच्या देवाची मिरवणूक निघते. एक युवती त्याला पाहते आणि विरहाने झुरू लागते. मग डोंगरातली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगत हिंडणारी कुरव जमातीची स्त्री, टोपली घेऊन दारात येते. ती आपल्या डोंगराचे, देशाचे वर्णन करते, युवतीचा हात पाहते, तुझा नाथ तुला लाभेल असे सांगते आणि दागिने, वस्त्रे घेऊन जाते. पुढे तिचा नवरा, पारधी, तिला शोधत येतो. वाटेत पक्षी पकडण्याचा प्रसंग रंगतो. शेवटी दोघांची भेट होते. तिरुकुट्रालमच्या देवावरची अठराव्या शतकातील कुरवंजी या प्रकारात श्रेष्ठ मानली जाते.

शास्त्रींनी हा साचा मोडला नाही. कुट्रालमच्या जागी बेथलेहेम आले. मिरवणुकीतून जाणारा नाथ हा बेथलेहेमचा प्रभू; झुरणारी युवती ही सियोनकन्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांची मंडळी. आणि दारी येणारी कुरत्ती? तिचे नाव विश्वास. तिचा नवरा ज्ञानाचा पारधी, त्याचे जाळे शास्त्राचे, आणि पक्षी म्हणजे माणसांचे जीव. शिवाय शाळामास्तर कवीत जागा आहेच: कुरत्तीच्या देशवर्णनाच्या परंपरागत जागेचा उपयोग करून तो नवे खगोलशास्त्र आणि भूगोलही सांगून घेतो. सर्फोजीराजांच्या मराठी नाटकातही कोरवंजी इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते. एकाच गुरूचे दोन विद्यार्थी एकाच भटक्या बाईच्या तोंडून नवी विद्या बोलवितात, एक मराठीत आणि एक तमिळमध्ये. तौलनिक अभ्यासाला याहून नेटके उदाहरण क्वचितच मिळेल.

परंतु माझ्या मते या काव्याचे मर्म भूगोलात नाही. ते कुरत्तीच्या भविष्यकथनात आहे. मूळ प्रकारात भविष्य हे अजून घडायचे असते. शास्त्रींच्या काव्यात जो यायचा तो गोठ्यात जन्मून गेलेला आहे. संदेष्ट्यांची भाकिते फळाला आली आहेत. तरीही सियोनकन्या झुरतेच आहे, कारण विवाह बाकी आहे, नाथ पुन्हा यायचा आहे. ख्रिस्ती वर्षात नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या आगमनकाळाला हाच दुहेरी अर्थ असतो: झालेल्या येण्याचे स्मरण आणि व्हायच्या येण्याची वाट. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत हे समजावून सांगायला पाने लागतात. शास्त्रींनी ते एका झुरणाऱ्या मुलीच्या आणि दारातल्या एका भविष्यवाल्या बाईच्या संवादात बसविले. विश्वास हा येथे राजवाड्यातला सल्लागार नाही, गुरुकुलातला आचार्यही नाही; तो डोक्यावर टोपली घेऊन दारोदार हिंडणारा, कोणत्याही दिवशी उंबऱ्याशी उभा राहणारा धीर आहे. आपल्याकडे नाथांनी वासुदेव, जोशी, जोगवा यांना परमार्थाची भाषा बोलायला लावली, त्याची आठवण येथे अटळ आहे. नाथांच्या भारुडांचा शास्त्रींवर प्रभाव होता असे मला सुचवायचे नाही. दोन्हीकडे भक्तीला एकच गरज जाणवली, एवढेच.

राजाशी असलेले त्यांचे नाते सरळ नव्हते. परंपरेत एक कथा सांगतात. सर्फोजीराजांनी तंजावरच्या देवावर कुरवंजी रचण्यास सांगितले. शास्त्रींनी मित्राच्या इच्छेला मान दिला, पण आरंभीचे गणेशस्तवन रचण्यास नकार दिला. कथेतील तपशील कसेही असोत, तिच्यातला पेच खरा आहे. देवतेच्या नाट्याचा साचा घ्यायचा आणि देवता घ्यायची नाही, ही रेषा शास्त्रींनी स्वतःसाठी आखली होती. राजानेही ती रेषा ओलांडण्याचा आग्रह धरला नाही, असे पुढील घटनांवरून दिसते.

त्या घटना १८२९ च्या. तंजावरचे मिशन तोवर जुन्या जर्मन परंपरेतून निघून इंग्लिश मंडळाच्या हाती गेले होते आणि नवे मिशनरी नव्या शिस्तीने आले होते. शास्त्रींनी आणि त्यांच्या पक्षाने या मिशनऱ्यांविरुद्ध चार तक्रारी मांडल्या. फाब्रिसिअसच्या बायबलाच्या जागी नवे भाषांतर आणले. प्रभुभोजनाच्या वेळी सर्व जातींना एकत्र बसण्याची सक्ती केली. सणसमारंभांतून फुले हद्दपार केली. आणि उपासनेतून तमिळ पदे व संगीत काढून टाकले. शास्त्रींची नोकरी गेली. पस्तीस वर्षांची शाळा एका आदेशाने सुटली.

या चार तक्रारींना एकच माप लावता येत नाही. फुले आणि गाणी यांच्या बाबतीत शास्त्री बरोबर होते. फुलाविना, वाद्याविना आणि मातृभाषेतल्या पदाविना सण साजरा करा असे तमिळ माणसाला सांगणे म्हणजे त्याचा आनंद दुसऱ्याच्या मापाने कापणे. भाषांतराचा वाद जुन्या प्रार्थनेच्या शब्दांवरील प्रेमाचा होता. तो समजू शकतो. परंतु जातीच्या प्रश्नावर शास्त्री चुकले, आणि ही चूक लहान नव्हे. वेळ्ळाळ ख्रिस्तींनी परैयर ख्रिस्तींपासून वेगळे बसावे हे त्यांनी रूढी म्हणून राखले, तिच्यासाठी लिहिले, झगडले. ज्याच्या काव्यात सगळे पक्षी एकाच जाळ्यात येतात, त्याला एकाच चटईवर बसलेली माणसे सोसली नाहीत. बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये मंडळीत जातिभेद चालणार नाही असे पत्र काढले तेव्हाही शास्त्री विरोधकांतच होते. त्यांचे चरित्र लिहिताना पुष्कळांनी हा भाग हलक्या हाताने लिहिला आहे. त्यांना अन्यायपीडित संगीतकार म्हणून रंगविणे सोपे जाते. पण त्याच तक्रारपत्रात ज्यांच्याजवळ बसणे त्यांना नको होते, त्या माणसांची बाजू कोणत्याच पदात आलेली नाही.

नोकरी गेल्यावर ख्रिस्ती कवीला आश्रय दिला तो हिंदू मराठा राजाने. सर्फोजींनी आपल्या जुन्या सहाध्यायाला दरबारी कवी म्हणून ठेवून घेतले. तीनच वर्षांनी, १८३२ मध्ये, राजे निवर्तले. पुढील तीन दशके शास्त्री रचीत, गात, निरूपण करीत राहिले. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांबरोबर तंजावरचे राज्यही संपले, तेही त्यांनी पाहिले.

या उत्तरायुष्याबद्दल घटनांच्या दृष्टीने सांगण्यासारखे थोडे आहे, आणि वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र तेच महत्त्वाचे असावे असे वाटते. मोठी नाट्यकाव्ये सभेसाठी होती. सुटी पदे घरासाठी झाली. ती सकाळ-संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत शिरली, आजारपणात आणि प्रेतयात्रेत गायिली गेली. आजही तमिळ ख्रिस्ती घरांत ‘कीर्तनै’चे पुस्तक बायबलाशेजारी ठेवलेले असते. प्रस्तुत लेखकाचा सध्याचा मुक्काम चेन्नईच्या ओरगडम भागात आहे. डिसेंबरात रात्री घरोघर फिरणारी तरुण मंडळी इंग्लिश चालींची गाणी गातात, हल्लीची चित्रपटी वळणाचीही गातात, पण घरातील म्हातारी माणसे सोबत सूर लावतात तो बहुधा कीर्तनैतले पद निघाले म्हणजे. मराठी ख्रिस्ती मंडळीत नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि कीर्तन आणून जे केले, त्याच्याशी याची तुलना स्वाभाविक आहे. टिळकांचा जन्म शास्त्रींच्या मृत्यूच्या सुमारे दोन वर्षे आधीचा. दोघांत एक मोठा भेद आहे. टिळक नव्या धर्मात आपली जुनी भाषा घेऊन आले. शास्त्री जन्मानेच ख्रिस्ती; त्यांना तमिळ भक्तीची भाषा बाहेरून, शेजाऱ्याच्या देवळाच्या भिंतीपलीकडून, ऐकून घ्यावी लागली. म्हणूनच कदाचित त्यांनी गणेशस्तवनाशी रेषा इतकी ठळक आखली. टिळकांना ज्ञानदेव-तुकोबांजवळ जाताना असा संकोच वाटला नाही.

तंजावरच्या चर्चमधून १८२९ मध्ये निघालेले तमिळ संगीत परतले ते एका अमेरिकन मिशनऱ्याच्या हातून. मदुरा मिशनचे एडवर्ड वेब यांनी देशी चालींतील ख्रिस्ती पदांचा संग्रह तयार करण्याचे मनावर घेतले आणि त्यासाठी ते वृद्ध शास्त्रींकडे वळले. हा संग्रह १८५३ मध्ये उपासनेसाठी म्हणून छापला गेला. त्यात मोठा वाटा शास्त्रींच्या पदांचा होता. तेव्हा त्यांचे वय एकोणऐंशीच्या घरात होते. पुढे अकरा वर्षे ते जगले. २४ जानेवारी १८६४ रोजी, नाताळ उलटून महिना झाला असता, तंजावरात त्यांचे निधन झाले. निरूपणाची वृत्ती त्यांच्या घराण्यात राहिली. वंशजांनी शास्त्रियार हे उपपद धारण करून गावोगाव त्यांची पदे गाणे पुढे चालविले.