जावजी दादाजी: अक्षरं हेच ओळखपत्र

विल्यम होगार्थ पुढे मोठा चित्रकार झाला. पण 1720 मध्ये लंडनला त्यानं कोरीव कामाचा धंदा मांडला तेव्हा आधी स्वतःच्या नावाचं कार्ड कोरलं. कार्ड बघा, हात कसा आहे ते कळेल. कारागिराची जाहिरात ती हीच.

आपल्याकडे हेच काम जावजी दादाजींच्या बाबतीत पुस्तकांनी केलं.

जावजींचा जन्म 1839चा, मुंबईचा. घरची गरिबी, शाळा अशी नाहीच. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. काम टाइप घासण्याचं, पगार महिना दोन रुपये. पोलादावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यावर ठोकायचं, त्या साच्यात शिशाचा रस ओतायचा. मग निघालेल्या खिळ्याच्या कडा घासायच्या. घासण्यात चूक झाली की छापताना ओळ वाकडी. म्हणजे पोरगं कडा घासत होतं खरं, पण डोळा तयार होत होता अक्षराचा! मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम होते. देवनागरी टाइप सुबक करण्यात त्यांचा वाटा मोठा. जावजींची शाळा म्हणायची तर हीच.

1864 मध्ये जावजींनी स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. टाइप विकायचे तर ते कागदावर कसे दिसतात ते गिऱ्हाइकाला दाखवायला हवं, आणि निर्णयसागरच्या प्रत्येक पानावर ते दिसत होतं. 1881 पासून विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ तिथंच छापलं जाऊ लागलं, 1886 पासून संस्कृत ‘काव्यमाला’. जोडाक्षरं ठसठशीत, मात्रा जागच्या जागी. देशातले दुसरे छापखाने हे टाइप विकत घेऊ लागले.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ते टाइप घडवण्यात राणोजी रावजी आरू या कसबी माणसाचा हात होता. नाव गाजलं निर्णयसागरचं. राणोजी आज किती जणांना माहीत आहेत? कार्डावर दुकानाचं नाव मोठं असतं, कोरणाऱ्याचं बहुतेकदा नसतंच.

जावजी 1892 मध्ये गेले. छापखाना चालूच राहिला. आपल्या धारच्या भोजराजाचं ‘सरस्वतीकंठाभरण’ पुढे ‘काव्यमाले’त निघालं, निर्णयसागरमधूनच. जुनी प्रत हाती आली तर अर्थ नंतर लावा. आधी नुसती अक्षरं बघा.