अल्झायमर हे आधी एका डॉक्टरचं आडनाव होतं

घरात आजी-आजोबा काही विसरले की आपण सहज म्हणून जातो, साठी बुद्धी नाठी. वय झालं की विसरायला होणारच! सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतही बहुतेक डॉक्टर असंच धरून चालायचे. पण एका डॉक्टरने एका पेशंटच्या नीट नोंदी ठेवल्या आणि चित्र बदललं. त्यांचं नाव आलॉइस अल्झायमर.

मायक्रोस्कोपचा नाद

अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट या छोट्या गावात झाला. १८८७ मध्ये ते डॉक्टर झाले. तेव्हाचा त्यांचा प्रबंध मेंदूवर नव्हताच, तो होता कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर! १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात नोकरीला लागले. पुढच्याच वर्षी तिथे फ्रान्झ निस्ल आले. मेंदूच्या पेशी रंगवून मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसतील अशी पद्धत निस्ल यांनी शोधली होती. दोघांची गट्टी जमली. दिवसा पेशंट आणि रात्री मायक्रोस्कोप, असं सुरू झालं.

१८९४ मध्ये अल्झायमर यांचं लग्न झालं. पण १९०१ च्या सुरुवातीला पत्नी वारली आणि तीन लहान मुलं मागे राहिली. त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं.

एक पेशंट, एक फाईल

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबरला, आउगुस्टे डेटर नावाच्या बाईंना रुग्णालयात दाखल केलं गेलं. वय फक्त ५१. म्हणजे ‘साठी’सुद्धा आली नव्हती. त्या नवऱ्यावर संशय घ्यायच्या, वस्तू कुठेही लपवून ठेवायच्या, घरातल्या घरात हरवायच्या.

अल्झायमर त्यांच्याजवळ बसून साधे प्रश्न विचारायचे. नवऱ्याचं नाव विचारलं तर त्या स्वतःचंच नाव सांगायच्या. एखादी वस्तू दाखवली की तिचं नाव बरोबर सांगायच्या, पण थोड्या वेळाने ती पाहिल्याचंही आठवायचं नाही. नाव लिहायला सांगितलं तर सुरुवात करून मध्येच अडकायच्या. प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर फाईलमध्ये जात होतं. माझ्यासारख्या इंजिनिअरला हे लगेच ओळखीचं वाटतं. बग सापडत नसेल तर आधी लॉग नीट ठेवा!

१९०३ मध्ये अल्झायमर फ्रँकफर्ट सोडून गेले आणि पुढे म्युनिकला स्थिरावले, पण या पेशंटची चौकशी करत राहिले. ८ एप्रिल १९०६ ला आउगुस्टे गेल्या. त्यांची फाईल आणि मेंदू म्युनिकला मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांमध्ये दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. बऱ्याच पेशी तर नाहीशाच झाल्या होत्या.

३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे सगळं मांडलं. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. पण १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. १९१२ मध्ये ब्रेस्लाउ, म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्रोत्स्वाफ, इथे प्राध्यापक म्हणून जाताना ते आजारी पडले. त्या दुखण्यातून ते पूर्ण बरे झालेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ ला ते गेले. वय ५१. आउगुस्टे दाखल झाल्या तेव्हा त्यांचंही वय तेवढंच होतं.

पण पेशी मरतात का?

याचं उत्तर अल्झायमर यांच्याकडे नव्हतं. पेशी जिवंत कशामुळे राहते, हेच तेव्हा माहीत नव्हतं. १९५० च्या दशकात रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ, हे प्रथिन शोधलं. त्यासाठी त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

सोप्या भाषेत सांगायचं तर एनजीएफ हा ‘जिवंत राहा’ असा मेसेज आहे. मेंदूच्या पुढच्या भागात, तळाशी असलेल्या काही पेशी स्मरणासाठी फार महत्त्वाच्या असतात. त्यांचे लांब तंतू मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत जातात, तिथे हा मेसेज घेतात आणि मागे पेशीपर्यंत पोचवतात. तो पकडणारा रिसेप्टर म्हणजे ट्रॅक-ए. दुसरा एक रिसेप्टर आहे, पी७५. एनजीएफचं कच्चं रूप त्याला चिकटलं तर उलटा, मरणाचा संदेश जाऊ शकतो.

अल्झायमर झालेल्या मेंदूत ट्रॅक-ए कमी झालेला आणि हे कच्चं रूप वाढलेलं आढळलं आहे. म्हणजे टॉवर सुरू आहे, मेसेज निघालाय, पण फोनच तो नीट घेत नाहीये. हे आजाराचं कारण आहे की परिणाम, यावर अजून काम सुरू आहे.

मग बाहेरून एनजीएफ का देत नाहीत? रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. थेट मेंदूतल्या पोकळीत सोडून पाहिलं, तर पेशंटना वेदना झाल्या आणि वजन घटलं. जीन थेरपीच्या चाचणीतही स्मरणात फायदा दिसला नाही. नंतर मेंदू तपासले तेव्हा कळलं, की एनजीएफ हव्या त्या पेशींपर्यंत पोचलंच नव्हतं.

हरवलेली फाईल

आउगुस्टे यांची फाईल कित्येक दशकं हरवली होती. ती १९९५ मध्ये फ्रँकफर्टमध्ये सापडली. नंतर म्युनिकमध्ये काचपट्ट्याही मिळाल्या. नव्याने तपासल्यावर गोळे आणि गुंता, दोन्ही तिथेच होते. नोंद बरोबर होती!

तेव्हा मित्रांनो, घरातलं कुणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, तर वयावर ढकलून देऊ नका. फोनच्या नोट्समध्ये तारखेसह लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. अल्झायमर यांनी सुरुवात तेवढ्यानेच केली होती.