पवळाची गवळण

आमच्या बचत गटात तमाशाचं नाव काढलं की बायका पदराआड हसतात. दौंड तालुक्यातल्या चौफुल्याची कला केंद्रं सगळ्यांना ठाऊक, शिरूरकडच्या जत्रांत तमाशाचे तंबू लागतात तेही ठाऊक, पण चांगल्या घरच्या बाईनं तिकडं बघायचं नाही. मला आज त्याच तमाशातल्या पवळाबद्दल लिहायचंय.

पवळा संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली. तमाशात आधी गण होतो, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण. डोक्यावर दुधा-दह्याची मडकी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण आणि मध्ये तोंडाळ मावशी. पुराणातलीच गोष्ट, पण ढोलकी-तुणतुण्यावर आणि शेतकऱ्याच्या बोलीत. पूर्वी राधा व्हायचा तो साडी नेसलेला नाच्या पोरगा. त्या जागी पवळा स्वतः उभी राहिली. तमाशाच्या बोर्डावर आलेल्या पहिल्या स्त्रियांत तिचं नाव घेतात. बघा ना, जिच्या जातीला देवळाची पायरी चढू देत नव्हते, ती कृष्णाची राधा झाली, आणि तिला बघायला सगळ्या जातींचे पुरुष पैसे मोजून बसायचे!

तिची जोडी जमली पठ्ठे बापूरावांशी. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला म्हणून जातीनं त्यांना टाकलं. ते गवळणी-लावण्या रचायचे, ती गायची. मुंबईत दोघांनी नाव काढलं.

१९२७च्या महाड सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे पैसे देऊ केले. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. महार बाईला नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. इथं मी अडकते. बाबासाहेबांचं पटतं, कारण टाळ्या वाजवणारे तिच्या हातचं पाणी पीत नव्हते. पण ती काय नुसती नाचवलेली बाई होती? गळा तिचा, मेहनत तिची. या सगळ्यात पवळाला कुणी विचारलं होतं का?

पुढं दोघांचं बिनसलं. ती १९३९ साली गेली, बापूराव १९४५ साली पुण्यात, हलाखीत. १९५० साली राजा नेने यांनी सिनेमा काढला, नाव ठेवलं ‘पठ्ठे बापूराव’.

आता तंबूत गण-गवळण लवकर आवरती घेतात, लोकांना सिनेमाची गाणी हवी असतात. राधा मात्र बाईच असते.