गांधीजींचा रक्तदाब आणि अल्फा-ब्लॉकर : फैजपूरच्या काळात नसलेले औषध

डिसेंबर 1936. यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, आणि राबणाऱ्यांत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी. 25 डिसेंबरला गांधीजी खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनात बोलले. तेव्हा त्यांचे वय 67 होते.

गर्दीला न दिसणारी एक गोष्ट त्यांच्यासोबत होती, ती म्हणजे वाढलेला रक्तदाब. वर्षभरापूर्वी, डिसेंबर 1935 मध्ये, वर्ध्यात याच दुखण्याने त्यांना अंथरूण धरायला लावले होते. डॉ. जीवराज मेहतांसारखे डॉक्टर तपासत होते. पण देण्याजोगा सल्ला एकच होता, विश्रांती घ्या. एप्रिल 1936 मध्ये ते सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. त्याच वर्षी मलेरियाही झाला. तरी डिसेंबरात ते फैजपुरात होते.

योगायोग असा, की त्याच महिन्यात, 10 डिसेंबरला, स्टॉकहोममध्ये हेन्री डेल आणि ऑटो लोवी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या मदतीने पोचवतात, हे दाखवल्याबद्दल. याच डेल यांना 1906 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगात एक विचित्र गोष्ट दिसली होती. अ‍ॅड्रेनालिनने रक्तदाब वाढतो. पण आधी अर्गट या बुरशीचा अर्क टोचला, तर तेच अ‍ॅड्रेनालिन रक्तदाब उतरवते. अल्फा-ब्लॉकरची कथा इथून सुरू होते. पण प्रयोगशाळेतली ही माहिती गोळी होऊन रुग्णाच्या हातात यायला पुढची कित्येक वर्षे गेली.

194/130

26 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींचा रक्तदाब 194/130 नोंदला गेला. ते तेव्हा कोलकात्यात होते आणि बैठकांच्या ताणाने थकले होते. आज एवढा आकडा दिसला तर डॉक्टर रुग्णाला सहज घरी पाठवणार नाहीत. त्या डिसेंबरात त्यांना जुहूच्या किनाऱ्यावर महिनाभर विश्रांतीसाठी ठेवण्यात आले. 19 फेब्रुवारी 1940 ची नोंद 220/110 अशी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकाने 2019 मध्ये गांधीजींवरच्या विशेषांकात या नोंदी छापल्या.

या माणसाचे वजन जेमतेम 46.7 किलो होते, उंची 165 सेंटीमीटर. तंबाखू नाही, दारू नाही, मांसाहार नाही आणि रोजचे मैलोगणती चालणे. मिठासाठी दांडीपर्यंत गेलेल्या गांधीजींनी स्वतःच्या ताटातले मीठही कित्येक वर्षे सोडले होते. अंगाने बारीक असलेल्याला बीपी होत नाही, असे अजूनही घरोघरी ऐकू येते. ते खोटे आहे, हे त्यांच्याच नोंदी सांगतात.

उपाय काय होते? मातीच्या पट्ट्या, लसूण, मौन, झोप. सर्पगंधेचा उल्लेखही त्यांच्या संदर्भात अनेक ठिकाणी येतो. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाकडेही याहून फार काही नव्हते. रुझवेल्ट यांचा रक्तदाब चढतच गेला आणि 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. वाढलेला रक्तदाब उतरवावा की नाही, यावरच तेव्हा डॉक्टरांत वाद होता.

कुलूप आणि किल्ली

30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रेमंड अ‍ॅल्क्विस्ट यांनी मांडले, की अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायने शरीरात दोन प्रकारच्या ग्राहींवर काम करतात. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि आपल्याकडची मुळी जगभर पोचली.

दोन्ही औषधांचा रोख एकाच ठिकाणी आहे, वाट मात्र वेगळी. ताण आला की मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटते. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या अल्फा ग्राहीवर ते किल्लीसारखे बसते, भिंतीतला स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते आणि दाब चढतो. सर्पगंधा किल्ल्यांचा साठाच रिकामा करते. अल्फा-ब्लॉकर कुलपात आधीच जाऊन बसतो. किल्ली येते, पण तिला जागा मिळत नाही. वाहिनी सैल पडते आणि दाब उतरतो. प्राझोसिन हे या गटातले ठळक औषध 1970 च्या दशकात आले.

आज गांधीजी रुग्ण म्हणून आले असते, तर पहिली गोळी म्हणून अल्फा-ब्लॉकर मिळाला नसता. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत डॉक्साझोसिन घेणाऱ्यांत, लघवी वाढवणाऱ्या जुन्या स्वस्त औषधाच्या तुलनेत, हृदय कमकुवत होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. म्हणून 2000 मध्ये चाचणीतला तो भाग थांबवावा लागला. तेव्हापासून रक्तदाबासाठी ही औषधे बहुधा इतर गोळ्या पुऱ्या पडत नाहीत तेव्हाच जोडली जातात. अ‍ॅड्रेनल ग्रंथीच्या एका दुर्मीळ गाठीत मात्र शस्त्रक्रियेआधी हाच गट आधार असतो.

ही औषधे आज सर्वांत जास्त चालतात ती वेगळ्याच दुखण्यावर. प्रोस्टेट ग्रंथी आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंतही अल्फा ग्राही असतात. वय झाले की ग्रंथी वाढते, लघवीची धार बारीक होते, रात्री तीन-तीनदा उठावे लागते. टॅमसुलोसिनसारखी गोळी तो स्नायू सैल करते. ग्रंथी लहान होत नाही, वाट मोकळी होते.

महाराष्ट्राने या औषधाला आणखी एक उपयोग मिळवून दिला. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर येतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात 1980 च्या दशकात अशा रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एक-दोनवर आले. खेड्यातल्या डॉक्टरने साध्या गोळीने केलेले हे काम आहे, हे विशेष.

या गोळ्यांचा मोठा धोका पहिल्याच मात्रेत असतो. उभे राहताच रक्तदाब झर्रकन उतरतो, चक्कर येते, माणूस पडतो. त्यामुळे डॉक्टर सुरुवातीची मात्रा कमी ठेवतात आणि बहुधा झोपताना घ्यायला सांगतात. पण ज्याला रात्री लघवीला उठावेच लागते, त्यालाच उठताना जपायचे असते. आधी खाटेच्या कडेला बसावे, पाय खाली सोडावेत, मग उभे राहावे. काही दिवस गोळी चुकली, तर परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. लैंगिक दुर्बलतेची गोळी सोबत घेत असाल, तर तेही लपवू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञांना या गोळीचे नाव जरूर सांगावे. ती घेणाऱ्यांच्या डोळ्याची बाहुली शस्त्रक्रियेत ढिली पडू शकते, आणि गोळी अलीकडे बंद केली असली तरी हा धोका राहतो.