लोखंडी नांगराची भीती मोडणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर, आणि कडबाकुट्टीची अडकलेली पाती

पुण्याच्या कसबा पेठेतील लाल महाल पाहिला असेल, तर सोन्याच्या नांगराची कथाही तुम्ही ऐकली असेल. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून तिथे गाढवाचा नांगर फिरवला. त्यानंतर ती जमीन कसायला लोक धजेनात. मग जिजाऊंनी बाल शिवाजीराजांच्या हस्ते सोन्याच्या फाळाचा नांगर चालवला आणि लोकांच्या मनातली भीती गेली, असे परंपरा सांगते.

नांगराबद्दलची अशीच एक भीती सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीही होती. लोखंडाचा नांगर घातला तर जमीन विषारी होईल, असे अनेक शेतकऱ्यांना वाटे. ती भीती घालवण्याच्या कामात लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा वाटा मोठा आहे.

चित्रकलेकडून यंत्राकडे

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नसल्याने रंगकाम सोडावे लागले. यंत्रांची रेखाचित्रे मात्र त्यांना उत्तम जमत. त्या जोरावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. तिथे बंधू रामूअण्णांसह त्यांचे सायकलचे दुकान होतेच.

दुकानापाठोपाठ छोटा कारखाना उभा राहिला. त्यात सुरुवातीला तयार झालेले यंत्र तुमच्या गोठ्यात आज असते तेच, कडबाकुट्टी. 1903 मध्ये लोखंडी नांगर आला. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळेना. पण लोखंडी नांगराने नांगरट खोल होते, हरळी-कुंद्याच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. शेजारच्या रानात हे दिसले की शेतकऱ्याला वेगळे पटवावे लागत नाही. हळूहळू मागणी वाढली.

पुढे बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या 32 एकर माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर बनवले गेले. पुढे उसाचे चरक आले, शेंगा फोडण्याची यंत्रे आली, पाण्याचे पंप आले. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले.

आजची भीती: पाते निघत नाही

फाळ असो वा पाते, ते झिजणारच. म्हणून ते बोल्टने बसवतात, म्हणजे काढून बदलता येते. पण चाऱ्याचा रस आणि ओल यांनी बोल्ट गंजतो. मग बोथट पात्यावरच काम रेटले जाते. चारा चेचला जातो, मोटारीवर भार येतो आणि चारा हाताने ढकलण्याचा मोह होतो. बोटे जातात ती अशा वेळी. पाते काढताना हा क्रम पाळा:

1. मोटारीची पिन काढा, पट्टा उतरवा. चाक फिरू नये म्हणून लाकडी ठोकळा अडकवा.
2. धारेवर जाड गोणपाट बांधा, हातमोजे घाला.
3. तारेच्या ब्रशने गंज खरवडा. नट-बोल्टवर गंज सोडवणारे तेल किंवा डिझेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या.
4. अचूक मापाचा रिंग पाना लावा. पाना निसटला तरी हात धारेकडे जाणार नाही, अशा बाजूने जोर द्या.
5. नट थोडा आवळा, मग सैल करा. आवळ-सैल करत गंजाची पकड सुटते. अधूनमधून हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्या.
6. तरीही निघाला नाही तर वर्कशॉपमध्ये नट कापून घ्या. पाते तापवू नका, धारेचे पाणी उतरते. डिझेल लावलेल्या जागी किंवा चाऱ्याजवळ ज्योत नेऊ नका.

पुन्हा बसवताना

सगळी पाती एकदम आणि सारख्या वजनाची बदला. एकच नवे पाते बसवले तर चाकाचा तोल जातो. बोल्टही नवेच घ्या आणि आट्यांना ग्रीस लावा. पाते आणि खालची स्थिर पट्टी यांच्यात जेमतेम कागदाएवढी फट ठेवा. चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवून पाहा. कुठेही घासत नसेल तरच पट्टा चढवा.

रोटाव्हेटरची पाती काढतानाही क्रम हाच. फक्त आधी ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात ठेवा आणि उचललेल्या रोटाव्हेटरखाली भक्कम ओंडके लावा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर त्याखाली हात घालू नका.

विस्तार कार्यकर्त्यांना विनंती: गावातल्या एखाद्या गोठ्यात चार-पाच जणांना बोलावून हे काम एकदा करून दाखवा आणि दुसरे पाते त्यांच्याकडूनच काढून घ्या. लोखंडी नांगराची भीतीसुद्धा रानात नांगर चालताना पाहूनच गेली होती.