विद्यार्थ्यांचे नेते झाकीर हुसेन

१९२० सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात मोठी खळबळ उडाली होती. वर्गात, वसतिगृहात, भोजनगृहात सगळीकडे एकच चर्चा चालली होती. कॉलेजात राहायचे, की कॉलेज सोडायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत तेवीस वर्षांचा एक तरुण होता. उंचापुरा, गोरा, बोलण्यात मृदू. विद्यार्थी त्याला आपला नेता मानत. त्याचे नाव झाकीर हुसेन. हाच तरुण पुढे भारताचा राष्ट्रपती झाला.

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादला वकिली करत. झाकीर दहा वर्षांचे असताना वडील वारले आणि कुटुंब कायमगंजला परतले. मुलांना इटावा येथील इस्लामिया हायस्कूलमध्ये घालण्यात आले. पुढे १९११ साली प्लेगच्या साथीत आईही गेली. चौदाव्या वर्षी झाकीर पोरके झाले.

इटाव्याच्या शाळेत शिस्त कडक होती. राहणी अगदी साधी होती. तेथेच झाकीरना वाचनाची आणि भाषणाची गोडी लागली. त्या काळात तुर्कस्तानात युद्ध चालू होते. तेथील जखमींच्या मदतीसाठी शाळकरी झाकीरने लोकांसमोर भाषण केले आणि वर्गणी गोळा केली. आपल्या शब्दांनी लोकांचे मन हलू शकते, हे त्यांना तेव्हा प्रथम कळले.

१९१३ साली ते अलीगढला आले. डॉक्टर व्हावे, असे त्यांच्या मनात होते. त्यासाठी ते लखनौच्या कॉलेजात विज्ञान शिकायला गेले. पण तेथे आजारी पडले आणि शिक्षण अर्धवट सोडावे लागले. ते खचले नाहीत. अलीगढला परत येऊन त्यांनी इंग्रजी साहित्य आणि अर्थशास्त्र हे विषय घेतले. १९१८ साली ते बी. ए. झाले. त्यानंतर ते एम. ए. आणि कायद्याचा अभ्यास करू लागले. त्याच वेळी कॉलेजात थोडेफार शिकवण्याचे कामही त्यांना मिळाले.

अलीगढच्या कॉलेजात विद्यार्थ्यांची एक युनियन होती. १८८४ साली ती सुरू झाली. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या युनियनचा नमुना तिच्यासमोर होता. तेथे ठरलेल्या विषयावर वादविवाद होत. एकाने बाजू मांडायची, दुसऱ्याने ती खोडून काढायची आणि शेवटी मते मोजायची, अशी पद्धत होती. युनियनचे अध्यक्षपद कॉलेजच्या प्राचार्यांकडे असे. त्यामुळे विद्यार्थ्याला मिळू शकणारे सर्वांत मोठे पद उपाध्यक्षाचे. ते निवडणुकीने मिळे. या पदाचा मान फार मोठा होता. झाकीर हुसेन या पदावर निवडून आले.

युनियनमध्ये बोलायला शिकता येते, हे तर खरेच. पण त्याहून अवघड गोष्टही तेथे शिकावी लागते. ती म्हणजे ऐकायला शिकणे. आपले मत न पटणाऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग न रागावता उत्तर द्यायचे. झाकीर हुसेन यांना ही कला साधली होती. त्यांचे मित्र त्यांना प्रेमाने ‘मुर्शिद’ म्हणत. मित्रांच्या अडचणी ऐकणारा आणि सल्ला देणारा हा तरुण सर्वांना आधार वाटे.

अशा वेळी देशात असहकाराचे वारे वाहू लागले. १९१९ साली जालियनवाला बागेत निरपराध लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. खिलाफतीच्या प्रश्नावरून मुसलमानांमध्ये असंतोष होता. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळा-कॉलेजांवर बहिष्कार टाका, असे आवाहन महात्मा गांधींनी केले. १२ ऑक्टोबर १९२० रोजी गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. त्यांनी विद्यार्थ्यांसमोर भाषणे केली.

त्या दिवशी झाकीर हुसेन दिल्लीला गेले होते. परतल्यावर त्यांना काय दिसले? काही विद्यार्थी पाहुण्यांच्या भाषणाची चेष्टा करत होते. झाकीर हुसेन यांना ते लागले. देशासाठी सर्वस्व देणाऱ्या माणसांची अशी थट्टा व्हावी, याची त्यांना लाज वाटली. ते रात्रभर विचार करत राहिले.

विचार करण्यासारखी परिस्थिती होतीही. कॉलेजात त्यांचे भवितव्य उज्ज्वल होते. चांगली सरकारी नोकरी मिळणे त्यांना कठीण नव्हते. आईवडिलांचे छत्र नव्हते आणि लग्न झालेले होते. कॉलेज सोडले तर हाती काय उरणार? शिवाय प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. नेता जे करील, ते इतर करतील. आपल्या शब्दावर विसंबून मुले बाहेर पडली आणि त्यांचे शिक्षणच बुडाले, तर त्याचा दोष कोणाकडे जाईल?

झाकीर हुसेन यांनी यातून मार्ग काढला. नुसता बहिष्कार त्यांना पुरेसा वाटला नाही. एक शाळा सोडायची तर दुसरी उभी केली पाहिजे, असे त्यांचे मत होते. ते दिल्लीला गेले आणि हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी व मौलाना मोहम्मद अली यांना भेटले. तुम्ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था काढा, आम्ही विद्यार्थी आणि शिक्षक तेथे येऊ, असा विश्वास त्यांनी या नेत्यांना दिला. मग त्यांनी स्वतः कॉलेज सोडले. त्यांच्याबरोबर आणखीही विद्यार्थी बाहेर पडले.

२९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते नव्या संस्थेची स्थापना झाली. तिचे नाव जामिया मिल्लिया इस्लामिया. हकीम अजमल खान तिचे पहिले कुलपती आणि मौलाना मोहम्मद अली पहिले कुलगुरू झाले. स्वतःची इमारत नव्हती, पैसा नव्हता. होता तो फक्त उत्साह. झाकीर हुसेन तेथे शिकवू लागले.

१९२२ साली ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तेथे असतानाच त्यांनी गालिबच्या उर्दू दिवाणाची सुंदर आवृत्ती छापून घेतली.

इकडे जामियाची अवस्था बिकट झाली होती. १९२४ साली खिलाफत संपुष्टात आली आणि मदतीचा ओघ आटला. संस्था बंद करावी, असे अनेकांना वाटू लागले. हकीम अजमल खान यांनी १९२५ साली ती दिल्लीच्या करोल बागेत हलवली. बर्लिनमध्ये ही बातमी कळताच झाकीर हुसेन अस्वस्थ झाले. ज्या संस्थेसाठी आपण मुलांना कॉलेज सोडायला सांगितले, ती मोडू कशी द्यायची? जामिया बंद करू नका, आम्ही येत आहोत, असा निरोप त्यांनी पाठवला. १९२६ साली मोहम्मद मुजीब आणि आबिद हुसेन या मित्रांसह ते परतले. एकोणतिसाव्या वर्षी ते जामियाचे कुलगुरू झाले.

पुढच्याच वर्षी हकीम अजमल खान वारले. संस्थेचा मोठा आधार गेला. तेव्हा जामियाच्या शिक्षकांनी एक प्रतिज्ञा केली. वीस वर्षे संस्थेची सेवा करायची आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही. प्रतिज्ञा करणाऱ्यांत झाकीर हुसेन पुढे होते. १९३५ साली ओखला येथे नव्या इमारतीची पायाभरणी झाली. तो मान कोणा बड्या पाहुण्याला दिला नाही. शाळेतील सर्वांत लहान मुलाच्या हातून कोनशिला बसवली. लहान मुलांसाठी त्यांनी उर्दूत गोष्टीही लिहिल्या. ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. ती त्यांचीच.

१९३७ साली आपल्या महाराष्ट्रातील वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे, असा विचार गांधीजींनी मांडला. झाकीर हुसेन यांना हा विचार आवडला. पण त्यातील ज्या गोष्टी पटल्या नाहीत, त्या त्यांनी भर सभेत गांधीजींसमोरच नम्रपणे सांगितल्या. गांधीजींना राग आला नाही. उलट योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी झाकीर हुसेन यांनाच दिले. युनियनमध्ये घेतलेला धडा येथे कामी आला.

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटल्या होत्या. अशा वेळी नेहरू, मौलाना आझाद आणि जिना हे एकमेकांचे विरोधक त्यांच्या शब्दाखातर एकाच व्यासपीठावर बसले. द्वेषाची ही आग विझवा, अशी कळकळीची विनंती झाकीर हुसेन यांनी सर्वांना केली. पुढच्याच वर्षी ती आग त्यांच्यापर्यंत पोहोचली. ऑगस्ट १९४७ मध्ये प्रवासात असताना जालंधर स्टेशनवर त्यांच्या जिवावर बेतले. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे अधिकारी यांनी त्यांचे प्राण वाचवले. परत आल्यावर ते सूडाचे एक अक्षर बोलले नाहीत. निर्वासितांच्या सेवेला लागले.

१९४८ साली एक नवल घडले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून झाकीर हुसेन यांची नेमणूक झाली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या कॉलेजातून ते बाहेर पडले होते, तेच आता विद्यापीठ झाले होते. फाळणीनंतर तेथील विद्यार्थी आणि शिक्षक भयभीत होते. विद्यापीठाचे पुढे काय होणार, अशी सर्वांना चिंता होती. झाकीर हुसेन यांनी त्यांना धीर दिला आणि १९५६ पर्यंत विद्यापीठ सांभाळले. जे घर रागावून नव्हे तर तत्त्वासाठी सोडले होते, त्याच्या अडचणीच्या वेळी ते धावून गेले.

नंतर ते बिहारचे राज्यपाल आणि १९६२ साली भारताचे उपराष्ट्रपती झाले. १९६३ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. १३ मे १९६७ रोजी ते राष्ट्रपती झाले. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. जामियाच्या आवारातच त्यांना दफन करण्यात आले.

वर्गाचा प्रतिनिधी होणे, शाळेचा मंत्री होणे, युनियनमध्ये निवडून येणे, या मानाच्या गोष्टी आहेत. मान एका दिवसात मिळतो. त्याची किंमत मात्र पुढे अनेक वर्षे चुकवावी लागते. झाकीर हुसेन यांनी मित्रांना एक वाट दाखवली. मग ती वाट चालण्याजोगी व्हावी, म्हणून ते आयुष्यभर राबले. म्हणूनच ते खरे नेते ठरले.